ट्रेलर घ्यायचाय? आधी गाडीचं दार उघडा

अमेरिकेत दोन-चार नॅशनल पार्क हॉटेलात राहून बघून झाले, की अनेक मराठी घरांत ट्रेलरचा विषय निघतो. पार्कपासून तासाभरावरची महागडी खोली, सकाळचं थंडगार बेगल आणि शाकाहारी मंडळींची सततची शोधाशोध टाळून आपलं स्वयंपाकघर, आपली पांघरुणं आणि आपला संडास गाडीमागे लावून निघायचं, या कल्पनेची भुरळ पडते. मग आरव्ही शोला फेरी होते, बंक बेडवर मुलं उड्या मारतात आणि विक्रेता विचारतो, "गाडी कुठली?" तुम्ही सांगता, होंडा पायलट. "मग काय, आरामात ओढेल!"

या 'आरामात'ची शहानिशा तुमच्या पार्किंगमध्येच करता येते. ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर पिवळी पट्टी असलेलं एक स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून या गाडीवर जास्तीत जास्त किती भार चालेल, तो आकडा त्यावर छापलेला असतो. तोच पेलोड. जाहिरातीतला '5,000 पौंड ओढते' हा आकडा गाडीत साधारण दीडशे-दीडशे पौंडांची दोनच माणसं बसली आहेत असं धरून काढतात. तुमच्या गाडीत चौघं असतात, मागे कूलर, घडीच्या खुर्च्या आणि चकल्यांचा डबा असतो. त्यामुळे बहुतेक घरांत ओढण्याची क्षमता शिल्लक असतानाच पेलोड संपलेला असतो.

हिशेब करून पाहू. समजा, स्टिकरवर 1,300 पौंड लिहिलेत. नवरा 175, बायको 140, दोन मुलं मिळून 160, म्हणजे 475. गाडीतलं सामान 150. हिचचं, म्हणजे गाडीमागच्या जोडणीचं, लोखंड 60. ट्रेलर भरल्यावर 4,700 पौंडांचा, म्हणजे 5,000 च्या आत, कागदावर अगदी व्यवस्थित. पण त्या वजनातला दहा ते पंधरा टक्के भार टंगवाटे, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावाटे, थेट गाडीच्या मागच्या भागावर येतो. बारा टक्के धरले तर 565. एकूण बेरीज 1,250. पन्नास पौंड उरले म्हणून सुटकेचा श्वास टाकाल, तेवढ्यात मे महिन्यात पुण्याहून आई-बाबा येतात. त्या दोघांचे 290 धरले की गाडी 240 पौंडांनी जड झाली. शिवाय बऱ्याच मध्यम एसयूव्हींच्या हिचवर टंगसाठी 500 पौंडांची वेगळी मर्यादा कोरलेली असते. ती तर आई-बाबा विमानात बसायच्या आधीच ओलांडली गेली होती.

म्हणून ट्रेलर निवडताना 'ड्राय वेट' बघू नका. ते बॅटरी, गॅस, पाणी, भांडी, काही म्हणजे काही न भरलेल्या ट्रेलरचं वजन असतं. एक गॅलन पाणी साधारण सव्वाआठ पौंडांचं. चाळीस गॅलनची टाकी भरली की तीनशेच्या वर पौंड तिथेच गेले. ट्रेलरच्या बाहेरच्या अंगाला लावलेल्या स्टिकरवर जीव्हीडब्ल्यूआर लिहिलेला असतो, म्हणजे भरलेल्या ट्रेलरचं कमाल मान्य वजन. हिशेब त्याच्यावरच करा. 5,000 पौंडवाल्या गाडीला चार हजारांच्या आतबाहेर जीव्हीडब्ल्यूआर असलेला ट्रेलर शोभतो, त्याहून मोठा नाही. होंडा ओडिसी आणि टेस्ला मॉडेल वाय या दोन्हींची मर्यादा 3,500 आहे, आणि इलेक्ट्रिक गाडीची रेंज ट्रेलर लावल्यावर साधारण निम्म्यावर येते. 2021 नंतरची हायब्रिड सिएना तर 1,500 लाच थांबते. तिला ट्रेलर लावायचे बेत मनातून काढून टाका.

लहान गाडीवाल्यांना मी स्कॅम्प किंवा कसिटा असे साच्यात ओतलेल्या फायबरग्लासचे छोटे ट्रेलर बघायला सांगतो. दिसायला अंडाकृती, आत उभं राहिलं की कोपर कुठेतरी लागणारच; पण हलके, आणि वरचा-खालचा असे दोनच मोठे तुकडे असल्याने गळायला जागा कमी. त्याहून मोठा हवा असेल तर आधी पिकअप घ्या. आपल्या लोकांना पिकअपचं का वावडं आहे, कळत नाही. 'आपण काय शेतकरी आहोत का' असं म्हणणाऱ्यांचे आजोबा शेतीच करत होते.

आणि आजोबांना जे ठाऊक होतं तेच इथे लागू पडतं. बैलगाडीत पोती मागच्या बाजूला रचली की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि जोत्याने बैलाचा गळा आवळतो. सगळी पुढे रचली की मानेवर नको तितका भार. ट्रेलरचंही तसंच. मागच्या बंपरवर सायकली, मागच्या कपाटात धान्य आणि मागचीच टाकी भरलेली, अशी टंग हलकी झाली की साठ मैलांच्या वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. जड सामान चाकांच्या आसाच्या आसपास, किंचित पुढे आणि जमिनीलगत ठेवा.

अंदाजावर मात्र राहू नका, वजन करा. हायवेवरच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतो. पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलरची चाकं अशी तीन आकड्यांची चिठ्ठी थोडक्या पैशांत मिळते. ट्रकवाले मागे खोळंबले असले तरी संकोच करू नका, ते रोज तेच करतात. नंतर ट्रेलर सोडून नुसत्या गाडीचं वजन पुन्हा करा. माणसं आणि सामान तेच ठेवलंत, तर दोन चिठ्ठ्यांतल्या गाडीच्या वजनाचा फरक म्हणजे टंगचा भार. मागचा भार काही अंशी पुढच्या चाकांकडे आणि ट्रेलरकडे वळवणारा वेट डिस्ट्रिब्यूशन हिच पुष्कळांना उपयोगी पडतो. पण तो लावल्याने पेलोड वाढत नाही, आणि काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये तो लावू नये असं स्पष्ट लिहिलेलं असतं. मॅन्युअल वाचा. वाचल्याशिवाय दुकानात जाऊ नका.

ट्रेलर जोडण्याचा क्रम ठरलेला असावा आणि तेवढा वेळ कुणी तुमच्याशी बोलू नये. टंगच्या टोकाचा कपलर हिचच्या बॉलवर बसला, खटका पडला, पिन लागली की मी पुढचा जॅक उलटा फिरवून टंग दोन-तीन इंच वर उचलून बघतो. गाडीचा मागचा भाग टंगबरोबर वर आला तर कुलूप खरं बसलंय. नुसती टंगच वर आली तर ते नुसतं टेकलेलं होतं. मग साखळ्या टंगखालून फुलीसारख्या, म्हणजे कपलर निसटलाच तर टंग त्या झोळीत पडते. ब्रेकअवे केबल साखळीत अडकवू नका, गाडीच्या पक्क्या भागाला लावा. ट्रेलर सुटला तर ती खेचली जाऊन ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. पण त्यासाठी ट्रेलरची बॅटरी चार्ज असावी लागते, हे पुष्कळांच्या गावीही नसतं. सात पिनांची वायर, दिवे, पायरी आत, ऑनिंग बंद, टेकू वर. चाकांचे ठोकळे निघताना सगळ्यात शेवटी काढायचे आणि पोचल्यावर सगळ्यात आधी लावायचे.

बऱ्याच राज्यांत 3,000 पौंडांपुढच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत, आणि ते चालवायला गाडीत ब्रेक कंट्रोलर लागतो. त्याला एक हाताने दाबायचा खटका असतो. तो नेमका कुठे आहे हे बोटांना पाठ असू द्या. ट्रेलर झुलायला लागला की पाय आपसूक ब्रेककडे जातो. तिथेच घात होतो, गाडी मंदावते आणि मागचं धूड तिला ढकलतं. स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटर हळूच सोडा आणि फक्त ट्रेलरचा ब्रेक त्या खटक्याने दाबा; मागून ओढ बसली की गाडी सरळ होते. मग पुढच्या एक्झिटला उतरून सामान बघा. झुलणं हे बहुतेक वेळा हलक्या टंगचं किंवा जास्त वेगाचं लक्षण असतं. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना 55 मैलांची मर्यादाच आहे. इतरत्रही मी साठीच्या पुढे जात नाही, मागच्याने कितीही हॉर्न वाजवला तरी.

घाटात उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, गिअर खाली आणून इंजिनाला धरू द्यायचं. चढताना उंचीचा हिशेब ठेवा. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के ताकद गमावतं. कोलोरॅडोत आय-70 वरचा आयझेनहॉवर बोगदा सुमारे 11,000 फुटांवर आहे, म्हणजे तिथे पोचेपर्यंत इंजिनाची एक तृतीयांश ताकद गेलेली असते.

रस्ता निवडताना फोनवरच्या साध्या नकाशावर विसंबू नका. न्यूयॉर्क परिसरातल्या बहुतेक पार्कवेंवर ट्रेलर न्यायला बंदी आहे आणि तिथले पूल बुटके आहेत. न्यू जर्सीहून व्हर्जिनियाकडे जाणाऱ्यांसाठी बाल्टिमोरची गोम आहे. आय-95 वरचा फोर्ट मॅकहेन्री बोगदा आणि आय-895 वरचा हार्बर बोगदा, दोन्हीकडे प्रोपेन सिलिंडर असलेली वाहनं जाऊ देत नाहीत. पूर्वी ही मंडळी फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जायची. मार्च 2024 मध्ये जहाजाच्या धडकेने तो पूल कोसळल्यापासून आय-695 ने शहराला पश्चिमेकडून वळसा घालावा लागतो. ग्लेशियर नॅशनल पार्कच्या प्रसिद्ध गोइंग-टू-द-सन रस्त्यावर अव्हलांच आणि रायझिंग सन या टप्प्यात 21 फुटांपेक्षा लांब वाहनाला मज्जाव आहे, आणि गाडी-ट्रेलर मिळून ती लांबी मोजतात. ट्रेलर कॅम्पग्राउंडवर ठेवायचा आणि नुसती गाडी घेऊन जायचं.

रिव्हर्स शिकायला सुट्टीच्या दिवशी शाळेचं रिकामं पार्किंग बघा. हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवा. ट्रेलरचा मागचा भाग ज्या बाजूला न्यायचा, हात त्या बाजूला न्या. एवढंच. मागे उभं राहून हातवारे करणाऱ्यापेक्षा फोन स्पीकरवर ठेवून बोलणं बरं, संसारालाही बरं. सुरुवातीला पुढून शिरून पुढूनच बाहेर पडता येणारी पुल-थ्रू साइट बुक करा.

आता देखभालीकडे. ट्रेलरचा खरा शत्रू पाणी. रस्त्यावरच्या अपघाताने जितके ट्रेलर निकामी होत नसतील, तितके छपरातल्या केसाएवढ्या भेगेतून होतात. बहुतेक ट्रेलर इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टच्या आसपास तयार होतात आणि त्यांचा सांगाडा अनेकदा बारीक लाकडी पट्ट्यांचा, स्टेपल मारून जोडलेला असतो. वरून रबराचं किंवा टीपीओचं छप्पर, आणि त्याला व्हेंट, ॲंटेना, एसी, स्कायलाइट अशी दहा भोकं. प्रत्येक भोकाभोवती सीलंटची कड असते. उन्हाने ती तडकते, पाणी आत झिरपतं आणि तुम्हाला दिसतं तेव्हा वर्षभर लाकूड कुजत असतं. दर तीन महिन्यांनी, निदान वसंतात आणि पानगळीच्या आधी, शिडी लावून छप्पर बघा. नखाने कड दाबा. भेग, उचललेली कडा किंवा बारीक छिद्र दिसलं तर जागा पुसून छपराच्या जातीला चालणारं सेल्फ-लेव्हलिंग सीलंट भरा, डायकोरची ट्यूब बहुतेकांकडे असते. घरगुती सिलिकॉन लावू नका. ते पुढे निघत नाही आणि त्याच्यावर दुसरं काही चिकटत नाही.

जुना ट्रेलर घेताना हीच नजर वापरा. आत शिरल्याबरोबर वास घ्या. सुगंधी स्प्रेचा भपका आला तर जास्त संशय घ्या. कपाटांच्या वरच्या कोपऱ्यांत हात घालून भिंत दाबा, सिंकखाली, टॉयलेटच्या बुडाशी आणि स्लाइड-आउटच्या कडेने पाय रोवून उभे राहा. जमीन लवली तर किंमत विचारायचीही गरज नाही. बाहेरून तिरप्या उन्हात फायबरग्लासच्या भिंतीकडे बघा, फुगवटा दिसला तर आतला थर सुटलाय. 2021 मध्ये कारखान्यांतून 6 लाखांहून अधिक आरव्ही बाहेर पडल्या, तो विक्रम होता. त्या घाईतले पुष्कळ ट्रेलर आता विकायला आलेत. चांगलेही आहेत, पण मोठी रक्कम मोजण्याआधी स्वतंत्र आरव्ही इन्स्पेक्टरला पैसे द्या. नवा घ्यायचाच असेल तर पंधरा-वीस वर्षांच्या कर्जाच्या मोहात पडू नका. ट्रेलरची किंमत कर्जापेक्षा फार लवकर उतरते.

टायर दिसायला नवे असले तरी वय बघा. बाजूला डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे असतात. 2321 म्हणजे 2021 सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली की नक्षी शाबूत असली तरी बदला, कारण ट्रेलरचे टायर झिजून मरत नाहीत, उभ्या-उभ्या आतून सडतात. हवा थंड असताना भरा. चाक काढून बसवलं असेल तर पहिल्या पन्नास मैलांत नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा. बेअरिंग वर्षातून एकदा किंवा 12,000 मैलांनी साफ करून ग्रीस भरून घ्यायची. पेट्रोल भरायला थांबलात की इन्फ्रारेड थर्मामीटर चारही हबवर रोखा. तीन सारखी आणि एक फारच तापलेलं असेल तर तिथे बेअरिंग किंवा ब्रेक बोलतोय.

आपल्या स्वयंपाकाने काही वेगळे प्रश्न येतात, ते डीलर सांगत नाही. आत फोडणी देऊ नका. मोहरी तडतडायच्या आधी स्मोक अलार्म तडतडतो, आणि तेलाचा वास गाद्यांत महिनाभर राहतो. बाहेर टेबलावर एक शेगडी ठेवा, फोडणी आणि तळण तिथे. तीस अँपिअरच्या जोडणीत एकूण 3,600 वॅट मिळतात. एसी चालू असताना इंडक्शन किंवा मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडतो. स्टीलचा मसाल्याचा डबा खडबडीत रस्त्यावर उघडतो आणि हळद कुठेकुठे पोचते ते सांगायला नको. फिरकीच्या झाकणाच्या बरण्या घ्या. भांडी धुण्याआधी आमटीची ताटं कागदाने पुसा, कारण सांडपाण्याच्या ग्रे टँकमध्ये डाळीचा गाळ बसला की तिसऱ्या दिवशी सिंकमधून वास येतो.

संडासाच्या ब्लॅक टँकच्या बाबतीत मात्र आपली पाण्याची सवय फायद्याची आहे. त्या टाकीला भरपूर पाणी आणि कमी कागद लागतो. हुकअप असलं तरी तिची झडप उघडी ठेवू नका. पाणी वाहून जातं आणि घट्ट ऐवज मागे ढिगासारखा वाळतो. टाकी दोन तृतीयांश भरली की आधी ब्लॅक सोडा, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुतली जाते. हातमोजे आणि नळीच्या जोडाला पारदर्शक एल्बो, ही दोन्ही पहिल्याच दिवशी घ्या. पिण्याच्या पाण्याची नळी वेगळ्या कप्प्यात, आणि कॅम्पग्राउंडच्या नळावर प्रेशर रेग्युलेटर. काही ठिकाणचा दाब ट्रेलरच्या प्लॅस्टिकच्या जोडांना झेपत नाही.

मिनेसोटा, शिकागो, न्यू जर्सीकडच्या लोकांनी पहिल्या कडक थंडीआधी ट्रेलर विंटराइझ केलाच पाहिजे. टाक्या आणि हीटर रिकामे करा, पण हीटर बंद करून पाणी थंड झाल्यावर. मग बायपास फिरवा, पंपाची नळी आरव्हीच्या गुलाबी अँटिफ्रीझच्या कॅनमध्ये सोडा, आणि एकेक नळ, गरम मग थंड, गुलाबी धार येईपर्यंत उघडा. टॉयलेट आणि बाहेरचा शॉवर विसरू नका. वसंतात फुटलेला सापडतो तो बहुधा बाहेरचा शॉवरच. गाडीच्या रेडिएटरचं अँटिफ्रीझ विषारी असतं, ते इथे चालत नाही. धान्याचा दाणाही आत ठेवू नका, खालच्या भोकांत स्टील वूल कोंबा, नाहीतर उंदीर संसार थाटतात. वसंतात पंधरा गॅलनला पाव कप साधं, बिनसुगंधी ब्लीच घालून टाकी आणि नळ्या भरा, काही तास ठेवा, मग वास जाईपर्यंत धुवा.

बहुतेक सबडिव्हिजनमध्ये एचओए दारात ट्रेलर उभा करू देत नाही, तेव्हा स्टोरेजचं भाडं आधीच धरा. विमा वेगळा घ्या. तो अपघात आणि चोरीचे पैसे देतो, हळूहळू झिरपलेल्या पाण्याचे सहसा देत नाही. एवढं वाचून मन द्विधा झालं असेल तर मेमोरियल डे सोडून एखाद्या साध्या शनिवार-रविवारी आरव्हीशेअर किंवा आउटडोअर्सीवरून ट्रेलर भाड्याने घ्या. काही मालक तो कॅम्पग्राउंडवर आणून लावून देतात. विकत घेतलात तर पहिला मुक्काम घरापासून तासाभरात, वीज-पाणी-सांडपाणी तिन्ही असलेल्या जागी करा, आणि प्रत्येक नळ, खिडकी, शेगडी, हीटर आणि एसी चालवून वॉरंटीसाठी यादी लिहा. नव्या ट्रेलरची यादी दोन पानं तरी होते. डीलरकडे सोमवारी सकाळीच फोन लावा, उन्हाळ्यात त्यांच्या वर्कशॉपला नंबर लागायला आठवडे जातात.